हृदय, घड्याळ आणि एक आकडा

या शनिवारचा विषय अगदी हृदयाजवळचा आहे. (शब्दशः!)

हल्ली मनगटावरची घड्याळं आणि बोटातल्या अंगठ्या रोज सकाळी एक आकडा दाखवतात. त्याचं नाव एचआरव्ही, म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी. कुणाचा ६२, कुणाचा ३५, कुणाचा २८. आमच्या ऑफिसात पूर्वी चहाच्या वेळी गाडीचं मायलेज आणि शेअरचे भाव निघायचे, आता हा आकडा निघतो. जास्त असला की कॉलर ताठ, कमी असला की "काल झोपच झाली नाही रे" वगैरे खुलासे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा आकडा खोटा नाही. पण तो किती वेळ मोजून काढलाय आणि कुठल्या पद्धतीने, हे सोबत लिहिलेलं नसेल तर त्याला काडीचाही अर्थ नाही. हे तांत्रिक खुसपट नाहीये. आपल्या ठोक्यांचा स्वभावच असा आहे की मोजायचा वेळ बदलला की उत्तर बदलतं. का, ते समजून घ्यायचं तर आधी हृदयाच्या आत जरा डोकवावं लागेल. (मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आकड्यांच्या लांबलचक रांगा बघणं हा माझा रोजचा धंदा, तेवढ्याच अधिकारावर लिहितोय.)

मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला एक ठोका, असं आपण शाळेत गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात तसं नसतं. एक ठोका ९४० मिलिसेकंदांनी पडेल, पुढचा १०१० ने, त्यापुढचा ९८० ने. ही अंतरं किती कमीजास्त होतात त्याचं माप म्हणजे एचआरव्ही.

हृदयाच्या उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका आहे, ठोक्याची सुरुवात तिथून होते. या नोडला बाहेरून कुणीच काही सांगितलं नाही तर तो किती वेगाने चालेल? १९७० मध्ये जोस आणि कॉलिसन या संशोधकांनी औषधं देऊन नसांचे दोन्ही प्रभाव बंद केले आणि हे मोजलं. त्यांचं सूत्र सोपं आहे: ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करा. म्हणजे चाळिशीतल्या माणसाचं हृदय एकटं सोडलं तर मिनिटाला साधारण ९५ ठोके देईल. आणि आपण शांत बसलो की नाडी लागते ६५-७०. म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या हृदयावर कुणीतरी सतत ब्रेक दाबून धरलेला असतो. तो ब्रेक म्हणजे व्हेगस नर्व्ह. अ‍ॅक्सिलरेटर वेगळा आहे, त्याला सिम्पथेटिक म्हणतात.

या दोघांच्या वेगात जमीनअस्मानाचा फरक आहे. व्हेगसचा निरोप एका ठोक्याच्या आत पोचतो आणि लगेच विरूनही जातो. सिम्पथेटिकचा निरोप पोचायला काही सेकंद लागतात आणि त्याचा परिणाम ओसरायला त्याहून जास्त. म्हणून ठोक्यागणिक होणारे झटपट बदल बहुतेक व्हेगसचे असतात. श्वास आत घेतला की ब्रेक थोडा सुटतो, ठोके जवळ येतात; श्वास सोडला की ब्रेक लागतो, ठोके लांबतात. मनगटावर बोट ठेवून, दीर्घ श्वास घेऊन बघा, कळेल. कार्ल लुडविगने १८४७ मध्ये हे कागदावर रेघ काढून दाखवलं होतं. म्हणजे विषय नवा नाही, फक्त घड्याळ नवं आहे.

दुसरी यंत्रणा रक्तदाबाची. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारे सेन्सर असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू हृदय सावकाश करतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो. दाब घटला की उलट. पण रक्तवाहिन्यांपर्यंत हुकूम पोचायला उशीर लागतो. उशीर असलेला फीडबॅक लूप काय करतो हे गिझरचं पाणी अ‍ॅडजस्ट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. नळ फिरवला, काही झालं नाही, आणखी फिरवला, मग एकदम कढत! मग उलटा फिरवला, तर थंडगार! तसाच आपला रक्तदाब साधारण १० सेकंदांच्या लयीत किंचित वरखाली हलत असतो आणि हृदयाचे ठोके त्याच्या मागोमाग.

इथे एक मजेशीर गोष्ट. आपण मिनिटाला ६ वेळा श्वास घेतला तर श्वासाची लयसुद्धा १० सेकंदांची होते. दोन्ही लयी जुळतात, झोका योग्य वेळी ढकलल्यावर जसा उंच जातो तसे ठोक्यांमधले चढउतार मोठे होतात. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी लोकांवर प्रयोग केला. त्यांना लॅटिनमधली 'आवे मारिया' ही प्रार्थना म्हणायला लावली, आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्रही. दोन्हींत श्वास मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि दोन्हींत हा परिणाम दिसला. जपमाळ कुठल्या धर्माची हे हृदयाला कळत नाही, श्वासाची लय कळते. संथ श्वासाचे फायदे असतीलही. पण मुद्दा असा की मोजमाप चालू असताना संथ श्वास घेतला तर आकडा तिथल्या तिथे वाढवता येतो, आणि त्या दोन मिनिटांत हृदय काही तरुण झालेलं नसतं.

श्वासाची लय ४-५ सेकंदांची, रक्तदाबाची १० सेकंदांची. त्याहून संथ गोष्टी आणखी आहेत: शरीराचं तापमान, किडनीशी निगडित हार्मोन्स, झोपेचे टप्पे, उठणं, जेवण, दिवस-रात्र. प्रत्येकाचा काटा वेगळ्या वेगाने फिरतो आणि सगळ्यांचे निरोप शेवटी त्याच एका सायनस नोडवर येऊन आदळतात.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्याची बेरीज कशी दिसते?

१९८२ मध्ये कोबायाशी आणि मुशा या जपानी संशोधकांनी दाखवलं की ठोक्यांमधल्या चढउतारांचा आलेख १/फ प्रकारचा असतो (फ म्हणजे फ्रीक्वेन्सी). सोप्या भाषेत, चढउतार जितका संथ तितका मोठा, आणि कुठलीही एक लय 'मुख्य' नाही. याला घरखर्चाचं उदाहरण चपखल बसतं. एका आठवड्याचा खर्च बघितला तर रोजचा फरक किरकोळ दिसतो: आज भाजी, उद्या दूध, परवा पेट्रोल. वर्षाचा बघा, दिवाळी येते, शाळेची फी येते. दहा वर्षांचा बघा, घराचं वॉटरप्रूफिंग, बहिणीचं लग्न, बाबांचं ऑपरेशन. जितका जास्त काळ बघाल तितका 'आमचा खर्च किती वरखाली होतो' याचं उत्तर मोठं होत जातं. तुमच्या हिशेबात चूक नसते, खर्चाचा स्वभावच तो आहे.

फाशाचं तसं नाही. फासा शंभर वेळा टाका की लाख वेळा, चढउताराचं माप तेवढंच राहतं, फक्त ते जास्त अचूक कळतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कॉलेजातल्या स्टॅटिस्टिक्सचा हा फासा बसलाय. हृदय फासा नाही.

पुरावा म्हणून दोन आकडे शेजारी ठेवतो. एसडीएनएन हे एचआरव्हीचं सर्वांत साधं माप, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांचं स्टँडर्ड डेव्हिएशन. निरोगी माणसांत ५ मिनिटांच्या मोजणीत ते सरासरी ५० मिलिसेकंदांच्या आसपास येतं (२०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा). चोवीस तासांच्या मोजणीत तेच माप १४१ च्या आसपास येतं (१९९६ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने दिलेला आकडा). दोन्ही माणसं निरोगीच, नाव एकच, एकक एकच, आणि फरक जवळजवळ तिप्पट!

आता यातून काय गोंधळ होतो बघा. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांचा एक गाजलेला अभ्यास आला. हार्ट अटॅकमधून वाचलेले ८०८ रुग्ण. ज्यांचं एसडीएनएन ५० च्या खाली होतं त्यांना १०० च्या वर असलेल्यांपेक्षा मृत्यूचा धोका ५.३ पट. हा अभ्यास खरा आहे, महत्त्वाचा आहे, आणि इंटरनेटवर सगळीकडे अर्धवट उद्धृत केलेला आहे. अर्धवट यासाठी की तो आकडा चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगचा होता, आणि ती सगळी माणसं हार्ट अटॅक येऊन गेलेली होती. माझ्या ओळखीतल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाने घड्याळावर २८ बघितला, नेटवर 'पन्नासच्या खाली धोका' वाचलं आणि पुढचे तीन आठवडे नीट झोपला नाही. घड्याळाने मोजलं होतं जेमतेम मिनिटभर. झोप उडाल्यावर आकडा आणखी खाली गेला हे वेगळं सांगायला नकोच. शेवटी कार्डिओलॉजिस्टने ईसीजी काढून, समजावून घरी पाठवलं.

त्याहून मला भीती वाटते ती उलट बाजूची. छातीत जड वाटतंय, पण 'आजचा स्कोअर तर मस्त आहे' म्हणून कुणी घरी बसून राहिला तर? छातीत दुखलं की हॉस्पिटल. त्यात मनगटावरच्या आकड्याला मत नाही.

बरं, आकडा जास्त म्हणजे चांगला, हे तरी खरं का? तेही पूर्ण खरं नाही. एक खेळ करून बघा. निरोगी माणसाच्या चोवीस तासांच्या ठोक्यांमधली अंतरं घ्या, साधारण एक लाख आकडे. पत्त्यांसारखे पिसा. सरासरी तीच राहील, एसडीएनएनही तेच राहील, मिलिसेकंदाचासुद्धा फरक पडणार नाही. पण क्रम गेला. आरएमएसएसडी हे दुसरं माप (लागोपाठच्या अंतरांतल्या फरकांवर बेतलेलं, बरीच उपकरणं हेच दाखवतात) काढलं तर १४१ एसडीएनएन असलेल्या माणसाचं ते जवळजवळ २०० येईल! चहाच्या टेबलावर पहिला नंबर. आणि असे पिसल्यासारखे ठोके पडणाऱ्या हृदयाला डॉक्टर काय म्हणतात? एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके साधारण असेच बेताल पडतात. तो आजार आहे, त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे अगदी एकसुरी हृदयही चांगलं नाही आणि अगदी सैरभैर हृदयही नाही. निरोगी हृदय मधे कुठेतरी असतं, आणि ते 'मधे' क्रमात लपलेलं असतं.

हा क्रम मोजायची पद्धत १९९० च्या दशकात चुंग-कांग पेंग, एरी गोल्डबर्गर, युजीन स्टॅन्ली वगैरे मंडळींनी बसवली. तिचं नाव डीएफए. तिच्यात एक घातांक मिळतो. पिसलेल्या आकड्यांना तो ०.५ येतो, निरोगी हृदयाला १ च्या आसपास. म्हणजे आत्ताच्या ठोक्यावर काही मिनिटांपूर्वीच्या, अगदी काही तासांपूर्वीच्या ठोक्यांची पुसट सावली असते. २००० मध्ये हुइकुरी आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकनंतर हृदय दुबळं झालेल्या ४४६ रुग्णांत बघितलं, तर या घातांकाचा छोट्या पल्ल्याचा भाग घसरलेला असणं हे मृत्यूच्या धोक्याचं ठळक लक्षण निघालं.

आणि ही सावली येते कुठून? नसांचा यात मोठा हात आहे हे प्रत्यारोपण केलेल्या हृदयांवरून कळतं. प्रत्यारोपणात नसा कापल्या जातात, हृदय बराच काळ 'एकटं' चालतं. बिगर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शंभर सेकंदांपासून पावणेतीन तासांपर्यंतच्या संथ चढउतारांचा उतार मोजला. निरोगी लोकांत तो सरासरी −१.०६, हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत −१.१५, आणि प्रत्यारोपण झालेल्यांत −२.०८. नसा तुटल्यावर हृदय ठोके देतच राहतं, पण त्याचा स्वभाव बदलतो. बाकी हा १/फ नेमका कसा तयार होतो, वेगवेगळ्या वेगाच्या यंत्रणांची नुसती बेरीज की त्यांच्या आपसातल्या ओढाताणीतून काही वेगळंच, यावर संशोधकांत अजून वाद आहेत. मला बेरीजवाल्यांची बाजू जास्त पटते, पण ते माझं मत.

'स्ट्रेस स्कोअर'बद्दलही दोन शब्द. अनेक वर्षं असं मानलं गेलं की १० सेकंदांच्या लयीची ताकद भागिले श्वासाच्या लयीची ताकद काढली की अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक यांचा तोल कळतो. १९९७ मध्ये एकबर्ग आणि २०१३ मध्ये बिलमन यांनी या समजुतीची व्यवस्थित चिरफाड केली. १० सेकंदांच्या लयीत व्हेगसचाही मोठा वाटा असतो, आणि श्वास सावकाश केला तर श्वासाची लयच त्या पट्ट्यात घुसते. म्हणजे जप करणारा माणूस या गुणोत्तरानुसार प्रचंड तणावात! :)

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला ताणायचं? घड्याळातला आकडा चुकीचा वाचला तर फार तर काय, थोडी चिंता. मला मात्र एक जुनी गोष्ट आठवते. ती एचआरव्हीची नाही, पण शेजारच्याच घरातली आहे. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या ठोक्यांत मधेच जादा ठोके पडतात त्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे १९८० च्या दशकात माहीत होतं. ते जादा ठोके दाबणारी औषधंही होती, आणि ती दाबायची छान. मग औषध दिलं की धोका कमी होणार, हे इतकं उघड वाटायचं की डॉक्टर ती सर्रास देत होते. 'कास्ट' नावाच्या चाचणीत हे तपासायचं ठरलं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं घेणारे ७५५ रुग्ण, आणि नुसती साखरेची गोळी घेणारे ७४३. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मधेच थांबवावा लागला. औषधवाल्यांत ६३ मृत्यू, गोळीवाल्यांत २६. ईसीजीवरचा आकडा सुधारला होता, माणसं जास्त मेली.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हिरवा करणं आणि सिस्टिम दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलर्टची मर्यादा वाढवली तरी दिवा हिरवा होतो. एचआरव्ही हा दिवा आहे. झोप, व्यायाम, दारू, ताप, वय, औषधं, सगळ्यांची सावली त्याच्यावर पडते. आकडा वाढवण्यासाठी गोळ्या, पावडरी आणि कोर्सेस विकणाऱ्यांची दुकानं जोरात आहेत, आणि विकत घेणारा दिव्यावर हिरवा कागद चिकटवत असतो.

मग घड्याळं फेकून द्यायची का? मुळीच नाही. एट्रियल फिब्रिलेशन पकडण्याच्या बाबतीत याच घड्याळांनी चांगलं काम केलंय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते आणि 'ठोके अनियमित आहेत' असा इशारा फक्त ०.५२ टक्के लोकांना गेला. तिथे घड्याळ एकाच वाचनावर स्कोअर देत नाही, ठोक्यांची बेताल चाल पुन्हा पुन्हा दिसली तरच बोलतं. मला तेच पाहिजे.

काही लोक म्हणतात, सामान्य माणसाला एकच आकडा हवा असतो, गुंतागुंत नको. बीपीचं नाही का, दोन आकड्यांवर सगळं जग चालतं? बरोबर, पण बीपी मोजायचे नियम ठरलेले आहेत. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात हृदयाच्या पातळीवर, कफ योग्य मापाचा. नियम पाळले तर पुण्यातला १३० आणि पॅरिसमधला १३० एकच. एचआरव्हीत अ‍ॅपलचं घड्याळ एसडीएनएन दाखवतं, इतर बरेच जण आरएमएसएसडी. कुणी मिनिटभर मोजतं, कुणी रात्रभर. आणि स्क्रीनवर सगळ्यांचं नाव एकच. हे म्हणजे किलो, शेर आणि पायलीने मोजायचं आणि पाटीवर नुसतं '२८' लिहायचं.

तेव्हा माझ्या मागण्या दोनच. एक, आकड्याच्या शेजारी मापाचं नाव आणि मोजणीचा वेळ लिहा. दोन शब्दांची जागा तर स्क्रीनवर नक्की आहे. दोन, मूळ ठोक्यांमधली अंतरं ज्याची त्याला सहज, पूर्ण आणि फुकट उतरवून घेऊ द्या. हृदय माझं, तर त्याचा लॉगही माझा. ही मागणी जगावेगळी नाही. १९९९ पासून फिजिओनेट या साईटवर खऱ्या माणसांची रेकॉर्डिंग्ज फुकट मिळतात. त्यात 'फँटेशिया' नावाचा एक संच आहे: २० तरुण आणि २० वयस्क निरोगी माणसं दोन तास पडून डिस्नेचा तो सिनेमा बघताहेत आणि त्यांचे ठोके नोंदले जाताहेत. कुणीही उतरवून घ्यावं, पिसून बघावं. वीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये वरचा पत्त्यांचा खेळ होतो.

हे होईपर्यंत काय करायचं? दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना बंद. त्याच २०१० च्या अभ्यासात निरोगी लोकांच्या गटांची आरएमएसएसडीची सरासरीच १९ पासून ७५ पर्यंत पसरलेली होती, मग तुझा ३५ आणि माझा ६२ याला काय अर्थ? स्वतःचाच आकडा, त्याच उपकरणाने, त्याच वेळी, आठवड्यांच्या हिशेबात बघा. एखाद दिवस खाली गेला तर जाऊ द्या, तो खाली-वर जाण्यासाठीच आहे. दोन-तीन आठवडे सतत नेहमीपेक्षा खाली राहिला आणि अंगातही बरं वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जा. आणि आकडा कितीही छान असला तरी अंगात बरं वाटत नसेल, तरीही डॉक्टरकडे जा.

एका दिवसात लाखभर ठोके पडतात, आणि प्रत्येकाला आधीच्यांची थोडी आठवण असते. एवढी मोठी रोजनिशी एका आकड्यात बसत नाही. ती बसवल्याचा दावा कुणी केला तर आधी विचारा, किती वेळ मोजलं?